रिमोट देण्याआधी कुठली टिक ठेवायची आणि कुठली काढायची

"जरा ते एनीडेस्क उघड आणि वरचा नंबर सांग, मी बघतो काय झालंय." हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी बोलतो, कामच ते आहे, कुणाचा प्रिंटर लागत नाही, कुणाचं मेल उघडत नाही, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस मिनिटभरात नंबर सांगतो, आलेल्या विंडोवर अ‍ॅक्सेप्ट दाबतो आणि मी त्याच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. त्या विंडोत बाकी काय काय लिहिलंय हे वाचायला आजवर कुणी थांबलेलं नाही. आणि मग तीच मंडळी मला विचारतात, लांबून कॉम्प्युटर चालवायला देणाऱ्या या एनीडेस्कसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात सेफ कुठलं?

नावावरून फार काही ठरत नाही हो. आज जी नावाजलेली आहेत त्या सगळ्यांमध्ये कुलपं भरपूर दिलेली असतात, पण बरीचशी आपण लावतच नाही, आणि काही तर कंपनीने आधीच उघडी ठेवलेली असतात कारण तसं केलं की वापरायला सोपं पडतं. म्हणून खाली लिहिलंय ते कुठलं घ्यावं यापेक्षा घेतलंय ते नीट कसं लावावं याबद्दल जास्त आहे.

आधी एक फरक डोक्यात पक्का करून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप ही झाली मध्यस्थवाली सॉफ्टवेअर. दोन्हीकडचे कॉम्प्युटर स्वतःहून बाहेरच्या एका सर्व्हरला जोडले जातात आणि तो सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, त्यामुळे राउटरवर काही उघडावं लागत नाही. दुसरा प्रकार थेट जाणारा, म्हणजे विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप ज्याला सगळे आरडीपी म्हणतात, ते ३३८९ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या नंबर दिलेल्या दारावर, ऐकत बसतं, आणि व्हीएनसी, ही स्क्रीन लांबून चालवायची जुनी पद्धत, तिचा पोर्ट साधारणपणे ५९००. पहिल्या प्रकारात धोका मुख्यतः माणूस फसण्याचा, दुसऱ्यात दारावर रात्रंदिवस कुणीतरी किल्ल्या लावून बघत असण्याचा. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत आणि लोक नेमकी तिथेच गल्लत करतात.

एन्क्रिप्शनचं काय

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात हेच असतं. २५६ बिटचं एईएस, टीएलएस वगैरे, म्हणजे डेटा वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून तो गुप्त करायच्या पद्धती. ते खरंच असतं आणि चांगलंच असतं, मधल्या वायफायवर कुणी बसला असेल तर त्याला तुमची स्क्रीन दिसणार नाही. पण हे एन्क्रिप्शन तुमच्या आणि समोरच्याच्या मधल्या रस्त्याचं आहे, समोर चोरच बसला असेल तर चोरालाही तितकाच सुरक्षित रस्ता मिळतो. म्हणून मी यावर जास्त वेळ घालवत नाही. अपवाद एकच, जुनं व्हीएनसी. त्याच्या मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात, तुम्ही वीस अक्षरांचा ठेवलात तरी पुढची बारा वाया, आणि लॉगिन झाल्यावर स्क्रीनचा डेटा उघडाच जातो. नव्या व्यावसायिक व्हीएनसीत एन्क्रिप्शन आलंय, पण कुठल्यातरी मशीनला चिकटलेल्या कॉम्प्युटरवर किंवा जुन्या सर्व्हरवर ते जुनंच पडलेलं असतं. तसलं काही चालू असेल तर ते एसएसएच टनेल किंवा व्हीपीएन, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या खाजगी वाटेच्या आतूनच वापरा, थेट नाही.

अनअटेंडेड अ‍ॅक्सेस, इथे जरा थांबा

सगळ्यात जास्त काळजी मला या एका सेटिंगची वाटते. अनअटेंडेड म्हणजे समोर कुणी बसलेलं नसताना, कुणीही अ‍ॅक्सेप्ट न दाबता, फक्त पासवर्डवर आत जाता येणं. ऑफिसातला कॉम्प्युटर घरून वापरायचा तर हे लागतंच, पण बऱ्याच जणांच्या मशीनवर ते कधीतरी एका कामापुरतं चालू केलेलं असतं आणि मग वर्षानुवर्षं तसंच राहतं.

माझ्याकडूनच झालेलं सांगतो. वडिलांना दर वेळी अ‍ॅक्सेप्ट दाबायला फोनवरून समजावून सांगणं अवघड जायचं, म्हणून मी त्यांच्या कॉम्प्युटरवर अनअटेंडेड पासवर्ड टाकला आणि माझ्या लॅपटॉपवरून पहिल्यांदा जाताना ती "यापुढे आपोआप लॉगिन करा" अशी टिक असते ती मारली. काम एकदम सोपं झालं. दोन वर्षांनी मी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना एका ओळखीच्या मुलाला दिला, माझ्या फाईल डिलीट केल्या पण फॉरमॅट मारायचं राहिलं. काही महिन्यांनी सहज वडिलांच्या मशीनवर आलेल्या कनेक्शनची फाईल उघडून बघितली तर त्यात एक नोंद होती, दुपारी सव्वादोनची, आयडी माझ्या जुन्या लॅपटॉपचा. मुलाने कुतूहलाने यादीतल्या नावावर डबल क्लिक केलं होतं, आत आला, घाबरून लगेच बंद केलं, मी विचारल्यावर त्याने सरळ सांगितलंही. पण वडिलांचं बँकेचं पान त्या वेळी उघडं असतं तर? आणि लॅपटॉप त्याच्याऐवजी आणखी कुणाकडे गेला असता तर? पासवर्ड मी कुणालाच सांगितला नव्हता. पासवर्डची गरजच पडली नाही, ती टिक मारल्यावर लॅपटॉपमध्ये साठवलं गेलेलं लॉगिन, ज्याला टोकन म्हणतात, ते पुरेसं होतं.

म्हणून करायचं काय ते क्रमाने सांगतो. सेटिंगमध्ये सिक्युरिटी किंवा अ‍ॅक्सेस नावाचा भाग असतो तिथे जा आणि अनअटेंडेड चालू आहे का बघा. रोज लागत नसेल तर सरळ बंद करा, लागेल तेव्हा परत चालू करायला एक मिनिट लागतं. लागतच असेल तर त्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेच वापरलेला नसावा, मेलचा नाही, वायफायचा नाही, कारण चोर एका साईटवरून फुटलेले पासवर्ड घेऊन बाकी सगळीकडे लावून बघतात, हा त्यांचा रोजचा धंदा आहे. लांब ठेवा, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, लक्षात राहिला नाही तरी चालेल. मग साठवलेल्या लॉगिनची, म्हणजे त्या टोकनची सोय बंद करा, आणि आधीची टोकनं पुसायचं बटण असतं ते दाबा, सोबत पासवर्डही बदला. जुना लॅपटॉप, जुना फोन, नोकरी सोडून गेलेला माणूस, यातलं काहीही झालं की हे परत करायचं.

आणि अनअटेंडेड नको असलं तरी आणखी एक बघा. काही सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी एक तात्पुरता पासवर्ड दाखवतात, तो किती वेळाने बदलतो हे सेटिंगवर असतं. प्रत्येक सेशननंतर बदलेल असं ठेवा. क्रोम रिमोट डेस्कटॉपचा मदतीचा कोड १२ आकडी असतो, पाच मिनिटं चालतो आणि एकदाच वापरता येतो, शिवाय शेअरिंग चालू असताना दर अर्ध्या तासाने पुढे चालू ठेवायचं का असं विचारतो, मला ही पद्धत फार आवडते कारण विसरलेलं सेशन आपोआप बंद पडतं.

अ‍ॅक्सेप्टच्या विंडोत काय काय असतं

आता ती विंडो, जी कुणी वाचत नाही. एनीडेस्कमध्ये समोरच्याने तुमचा नंबर टाकला की तुमच्याकडे एक विंडो येते, त्यात त्याचं नाव, त्याचा नंबर, आणि परवानग्यांची बटणं किंवा टिका असतात. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्येही थोड्याफार फरकाने हेच. नावावर विश्वास ठेवू नका, ते त्याने स्वतः टाईप केलेलं असतं, बँक सपोर्ट असंही लिहिता येतं. नंबर मात्र खरा, म्हणून फोनवर समोरच्याला त्याचा नंबर विचारा आणि जुळवून बघा, तेवढं केलंत तरी चुकून भलत्याला आत घेणं टळतं.

मग परवानग्या. कीबोर्ड आणि माउस चालवणं, ही तर दुरुस्तीला लागणारच, पण नुसतं बघून सांगायचं असेल तर हीसुद्धा काढा, समोरचा बोटाने दाखवल्यासारखं सांगेल आणि तुम्ही क्लिक कराल. क्लिपबोर्ड, इथे लोकांचं लक्षच जात नाही. तुम्ही पासवर्ड मॅनेजरमधून पासवर्ड कॉपी केलात की तो क्लिपबोर्डमधून समोरच्याच्या मशीनवरही पोचतो, त्याने काहीही न करता. त्यामुळे काम चालू असताना काहीच गुप्त कॉपी करायचं नाही, किंवा ही टिकच काढून टाकायची. फाईल मॅनेजर, याने समोरचा तुमच्या स्क्रीनवर काही न दिसता मागच्या मागे फोल्डर उघडून फाईल नेऊ शकतो, प्रिंटर लावायला याची काही गरज नसते, काढा. आवाज ऐकणं, काढा.

आणि तीन परवानग्या अशा की त्या दिसल्या की मी कुणालाही नाहीच म्हणायला सांगतो. एक, तुमचा कीबोर्ड-माउस लॉक करणं. दोन, प्रायव्हसी मोड किंवा ब्लॅक स्क्रीन, म्हणजे तुमची स्क्रीन काळी करायची आणि मागे काम चालू ठेवायचं. ही सोय चांगल्या कारणासाठी केलेली आहे, तुम्ही घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवताय तर ऑफिसात जाणाऱ्या-येणाऱ्याला तुमचं काम दिसू नये म्हणून. पण तुम्ही स्वतः स्क्रीनसमोर बसलेले असताना दुसऱ्या कुणीतरी ती काळी करावी याचं एकही प्रामाणिक कारण मला आजवर सापडलेलं नाही, "अपडेट चालू आहे, स्क्रीन काळी दिसेल, घाबरू नका" हे ज्या फोनवर ऐकू येतं तो फोन चोराचा असतो. तीन, टीसीपी टनेल, ज्यातून तुमच्या नेटवर्कमधल्या दुसऱ्या मशीनपर्यंत जाता येतं, हे ज्याला माहीत आहे त्यालाच लागतं.

दर वेळी टिका काढत बसायला कंटाळा येतो हे मान्य, म्हणून सेटिंगमध्ये परमिशन प्रोफाईल असतात तिथे एकदाच नीट लावून ठेवा, फक्त बघणे असं एक आणि दुरुस्ती असं एक, एवढी दोन पुरतात. टीमव्ह्यूअरमध्येही अ‍ॅक्सेस कंट्रोल म्हणून हेच आहे, तिथे प्रत्येक गोष्टीला आधी विचारा असं ठेवता येतं, वयस्कर मंडळींच्या मशीनवर मी तेच ठेवतो.

विंडोजमध्ये अ‍ॅडमिनची परवानगी मागणारी विंडो येते तेव्हा बऱ्याचदा समोरच्याची स्क्रीन अडकते किंवा काळी होते, त्याला ती विंडो दिसत नाही. हा बिघाड नाहीये, विंडोज ती मुद्दाम वेगळ्या सुरक्षित स्क्रीनवर दाखवतं. त्या क्षणी निर्णय तुमचा असतो. समोरचा म्हणाला "येस दाबा" तर आधी विचारा कशासाठी, विंडोत प्रोग्रॅमचं आणि कंपनीचं नाव असतं ते त्याला वाचून दाखवा. मॅकवरही २०१९ च्या कॅटालिनापासून स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी द्यावी लागते, नियंत्रणासाठी अ‍ॅक्सेसिबिलिटीची वेगळी, आणि अँड्रॉइडवर तर फोन लांबून चालवायला अ‍ॅक्सेसिबिलिटीच लागते. त्या पानांवर सिस्टीम स्वतः इशारा देते, तो इशारा म्हणजे शेवटचा उंबरठा समजा. फोनच्या बाबतीत तर माझं सरळ मत आहे, फोनची स्क्रीन अनोळखी माणसाला दाखवूच नका, बरीच बँकेची अ‍ॅप शेअरिंगमध्ये काळी दिसतात खरी पण वरून घसरत येणारा ओटीपीचा मेसेज दिसतोच.

टू फॅक्टर आणि यादी

टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा मागणं, दोन ठिकाणी असतं आणि लोक एकच लावून समाधान मानतात. एक तुमच्या अकाउंटला, म्हणजे टीमव्ह्यूअरचं किंवा गूगलचं जे लॉगिन आहे त्याला. दुसरं त्या मशीनवर येणाऱ्या कनेक्शनला. अकाउंटचं लावलं आणि मशीनचं नाही, तर ज्याच्याकडे मशीनचा आयडी आणि अनअटेंडेड पासवर्ड आहे तो अकाउंटच्या वाटेला जाणारच नाही, थेट आत येईल. एनीडेस्कमध्ये अनअटेंडेडला ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोड लावता येतो, क्यूआर स्कॅन करायचा आणि दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा टाकायचा. टीमव्ह्यूअरमध्ये कनेक्शन आलं की फोनवर नोटिफिकेशन येऊन तिथून हो-नाही म्हणता येतं. दोन्ही लावा. बॅकअप कोड मिळाला तर तो त्याच कॉम्प्युटरवर टेक्स्ट फाईलमध्ये ठेवू नका, कागदावर लिहा.

मशीनवर फक्त ठरलेल्यांनीच यायचं असेल तर अलाऊ लिस्ट वापरा. तुमच्या लॅपटॉपचा आयडी आणि तुमच्या सपोर्टवाल्याचा आयडी टाकला की बाकी सगळ्यांना दारातूनच नकार, त्यांच्याकडे पासवर्ड असला तरी. दोन मिनिटांचं काम आहे आणि इतका मोठा फायदा दुसऱ्या कुठल्याच सेटिंगमधून मिळत नाही, मला तर वाटतं हे आधीच चालू असायला हवं होतं.

आरडीपीवाल्यांसाठी

आरडीपीचं होस्टिंग, म्हणजे दुसऱ्याला आत घेण्याची सोय, विंडोजच्या प्रो, एंटरप्राइज वगैरे आवृत्त्यांत असतं, होममध्ये नाही. ज्यांनी राउटरवर ३३८९ फॉरवर्ड करून, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायला उघडा करून ठेवलाय त्यांनी हे वाचणं थांबवून आधी तो फॉरवर्ड काढा आणि मग पुढे वाचा, अगदी मनापासून सांगतोय. इंटरनेटवर उघडा ३३८९ स्कॅनरना, म्हणजे उघडे पोर्ट शोधत फिरणाऱ्या प्रोग्रॅमना, सापडायला वेळ लागत नाही, आणि सापडला की अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, यूजर, टेस्ट अशी नावं घेऊन पासवर्ड मारत बसतात, दिवसभर, रात्रभर, त्यांचा माणूस झोपलेला असतो, प्रोग्रॅम चालू असतो. रॅन्समवेअर, म्हणजे फाईल कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, आत येण्याच्या नेहमीच्या वाटांपैकी ही एक. पोर्ट बदलून ३३९० केला म्हणजे सुटलो असं वाटतं खूप जणांना, पण स्कॅनर सगळेच पोर्ट बघू शकतात, लॉगमधला कचरा थोडा कमी होतो इतकंच.

मग बाहेरून यायचं कसं? आधी व्हीपीएन, मग आरडीपी. राउटरमध्ये वायरगार्ड नावाचं व्हीपीएन असेल तर तेच लावा, ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅनरला तिथे काही आहे हेच कळत नाही. मोठ्या ऑफिसात रिमोट डेस्कटॉप गेटवे, म्हणजे मधला पहारेकरी सर्व्हर ठेवतात आणि त्याला टू फॅक्टर जोडतात.

एनएलए चालू आहे का बघा. रिमोटच्या सेटिंगमध्ये नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन अशी टिक असते, ती असू द्या. त्याने होतं काय की आधी नाव-पासवर्ड खरा आहे हे ठरतं आणि मगच विंडोज लॉगिनची स्क्रीन उभी करतं, नाहीतर कुणीही अनोळखी थेट लॉगिन स्क्रीनपर्यंत येऊन बसतो. याची किंमत २०१९ मध्ये कळली. ब्लूकीप नावाची खोट सापडली होती, विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ च्या काळातल्या आरडीपीत, पासवर्ड न देताच मशीन ताब्यात घेता येईल अशी, आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरू शकेल अशी. मायक्रोसॉफ्टने मे महिन्यात पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, काढला आणि विंडोज एक्सपीलासुद्धा दिला, ज्याचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता, यावरून गांभीर्य समजा. एनएलए चालू होतं तिथे निदान खरा पासवर्ड असल्याशिवाय ती खोट वापरता येत नव्हती.

मग अकाउंट लॉकआउट. विंडोज ११ च्या २२एच२ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये १० चुकीच्या प्रयत्नांनंतर १० मिनिटं अकाउंट बंद होतं, हे आधीच लावलेलं येतं. जुन्या मशीनवर लोकल सिक्युरिटी पॉलिसीत जाऊन हातानं लावा. आणि रिमोटने येण्याची परवानगी फक्त ज्यांना लागते त्यांनाच द्या, रोजच्या कामाचं अकाउंट अ‍ॅडमिन नसावं.

जाताना-येताना दोन सवयी. तुमच्याकडून आरडीपी उघडताना लोकल रिसोर्सेसच्या टॅबमध्ये ड्राइव्ह जोडायची टिक असते, ती मारली की पलीकडच्या मशीनला तुमची सी ड्राइव्ह दिसायला लागते, आणि पलीकडच्या मशीनमध्ये व्हायरस असेल तर त्यालाही दिसते. आपण आत जातोय म्हणजे धोका फक्त त्यांना असं समजू नका, चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी २०१९ मध्ये क्लिपबोर्डच्या वाटेने उलटा हल्ला करून दाखवला होता, सर्व्हरकडून येणाऱ्याच्या मशीनवर. दुसरी सवय, काम झालं की वरच्या फुलीवर क्लिक करून निघू नका, त्याने फक्त जोडणी तुटते, आत तुमचं सेशन चालूच राहतं, सगळ्या फाईल उघड्या. साइन आउट करा.

अपडेट

थोडक्यात सांगतो, आपोआप अपडेट चालू ठेवा आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या स्वतःच्या साईटवरूनच घ्या, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. एनीडेस्कने जाहीर केलं की त्यांच्या प्रॉडक्शन सिस्टीममध्ये घुसखोरी झाली, त्यांनी वेब पोर्टलचे पासवर्ड रद्द केले आणि सॉफ्टवेअरवर सही करायचं सर्टिफिकेट बदललं, म्हणजे जुनी आवृत्ती धरून बसलेल्यांनाही नवी घेणं भाग होतं. आणि स्क्रीनकनेक्ट नावाच्या दुसऱ्या रिमोट सॉफ्टवेअरमध्ये अशी खोट निघाली की वेब अ‍ॅड्रेसच्या शेवटी जरासं जास्तीचं काही जोडलं की पहिल्या इन्स्टॉलेशनचं पान परत उघडायचं आणि कुणालाही नवा अ‍ॅडमिन बनता यायचं. तीव्रता दहापैकी दहा. तुमचा पासवर्ड कितीही भारी असला तरी अशा वेळी उपयोग शून्य, पॅच हाच उपाय.

लॉग वाचायची सवय

महिन्यातून एकदा, पाच मिनिटं. एनीडेस्क प्रोग्रॅम डेटा फोल्डरमध्ये आलेल्या कनेक्शनची एक साधी टेक्स्ट फाईल ठेवतं, नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, आयडी आणि आत कसा आला ते, यूजर लिहिलं असेल तर कुणीतरी अ‍ॅक्सेप्ट दाबलं, पासवर्ड असेल तर अनअटेंडेडने, टोकन असेल तर साठवलेल्या लॉगिनने. टीमव्ह्यूअर असंच इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमध्ये ठेवतं. आरडीपीसाठी इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन आणि ४६२४ म्हणजे झालेलं, त्यात लॉगऑन टाईप १० असेल तर ते रिमोटने आलेलं. एका रात्रीत शेकडो ४६२५ दिसल्या तर दार कुठेतरी उघडं आहे, आणि त्या शेकड्यानंतर एक ४६२४ दिसली तर ताबडतोब नेट काढा.

कुणी आत येऊन गेलं असेल तर

फसणारा माणूस बावळट असतो असं कृपा करून म्हणू नका. २०२४ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक पद्धत उघड केली, आधी माणसाचा मेलबॉक्स शेकडो फालतू मेलनी भरून टाकायचा, तो वैतागला की कंपनीच्या आयटीतून बोलतोय असा फोन करायचा आणि विंडोजमध्येच असलेलं रिमोट मदतीचं क्विक असिस्ट उघडायला लावायचं. प्रॉब्लेम खरा, मदत खोटी, आणि शेवटी रॅन्समवेअर. त्या जागी कुणीही फसेल. म्हणून घरात आणि ऑफिसात एकच नियम ठेवा, फोन त्यांनी केला असेल तर रिमोट द्यायचं नाही, ठेवायचा, आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर आपण लावायचा.

तरीही झालंच, तर पहिलं काम इंटरनेट तोडा, वायफाय बंद, केबल काढा. नुसती विंडो बंद करून भागत नाही, मागे सर्व्हिस चालू राहिली तर तो परत जोडला जातो. मग दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून, त्याच कॉम्प्युटरवरून नाही, आधी बँकेला कळवा, मग मेलचा पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट करा, मेलमध्ये कुणी फॉरवर्डिंग लावून ठेवलंय का तेही बघा कारण पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतं. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेले असं धरून एकेक बदला.

त्यानंतर मशीनकडे वळा. इन्स्टॉल झालेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावा, त्या दिवशीचं काय काय आलंय बघा, चोर बहुतेकदा पहिल्या सॉफ्टवेअरबरोबर दुसरंही टाकून जातात म्हणजे एक काढलं तरी दुसरं राहतं. यूजर अकाउंटमध्ये नवं नाव दिसतंय का तेही बघा. पण काहीही अनइन्स्टॉल करायच्या आधी ती वर सांगितलेली कनेक्शनची फाईल पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या आणि स्क्रीनचे फोटो काढा, अनइन्स्टॉल करताना ती फाईलही जाऊ शकते आणि बँकेला किंवा पोलिसांना दाखवायला त्याचा आयडी आणि वेळ तेवढ्या एका ओळीतच असते. समोरच्याला अ‍ॅडमिनची परवानगी दिली गेली असेल तर साफसफाईच्या भानगडीत पडू नका, आपल्या फाईल बाहेर काढा, त्यातले प्रोग्रॅम सोडून द्या आणि विंडोज नव्याने टाका.